वडिलांचे घर विकण्यापूर्वी : तरक्याचा हिशेब आणि पहिली पावले

कापडाच्या धंद्यात एक जुना नियम आहे. थानाला कात्री लावण्यापूर्वी ते मोजून घ्यावे. एकदा कापड फाडले की पुन्हा अखंड होत नाही, कितीही शिवले तरी शिवण दिसतेच. आई-वडिलांच्या पश्चात घर विकण्याचे काम असेच आहे. परंतु आपल्या समाजात बहुतेक वेळा उलटे घडते. मय्यत होऊन चार महिने झाले की कोणी तरी दलाल भाव सांगून जातो, एक भाऊ विसार घेतो, आणि मोजणीचा विषय मागाहून निघतो. मग बहीण माहेरी येणे सोडते, भाऊ-भाऊ ईदलाही एकमेकांच्या गळ्यात पडत नाहीत आणि घर मात्र कोर्टाच्या कुलुपात पडून राहते.

पुण्यात हा प्रश्न आज अधिक जोराने उभा आहे. भवानी पेठ, नाना पेठ, गंज पेठ, मोमीनपुरा, रविवार पेठ, कसबा पेठ येथे आपल्या लोकांची जुनी घरे आहेत. खाली दुकान किंवा कारखाना आणि वर कुटुंब, अशी त्यांची बांधणी. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला आणि जुन्या पेठांतील मंडई, कसबा हे भाग स्थानकांच्या जवळ आले. अशा जागांना गिऱ्हाईक मिळणे अवघड नाही. अवघड आहे ते घराचा हिशेब स्वच्छ करणे. म्हणून व्यापारी आणि कारागीर बांधवांसाठी आम्ही या कामाची पहिली पावले क्रमाने मांडत आहोत.

पहिले पाऊल : घर नेमके कोणाचे ?

घर वडिलांचे होते, हे सर्वांना ठाऊक असते. कागदावर ते कोणाचे आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून प्रथम मालमत्ता पत्रकाचा, म्हणजे ज्याला आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो त्याचा, ताजा उतारा काढावा. नगर भूमापन कार्यालयाचा हा उतारा आता सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावर डिजिटल सहीने मिळतो. त्यात तीन गोष्टी पाहाव्यात : धारकाच्या रकान्यात कोणाचे नाव आहे, सत्ताप्रकार कोणता आहे आणि इतर हक्कांत कोणाचा बोजा आहे. पुष्कळ घरांत धारक म्हणून अजून आजोबांचेच नाव असते. तसे असेल तर वडिलांचा हिस्सा ठरवण्यापूर्वी आजोबांच्या सर्व वारसांचा हिशेब करावा लागेल. त्यात फुफींचा हिस्साही आला.

महानगरपालिकेच्या मिळकतकराच्या पावतीवर नाव असले म्हणजे मालकी झाली, असा समज आहे. तो चूक आहे. करपावती किंवा नोंदीतला फेरफार मालकी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. मालकी खरेदीखताने, हिब्याने किंवा वारसाने येते. खरेदीखत हरवले असेल तर घाबरू नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतील घरांच्या कपाटांतून कागद वाहून गेले. दस्त नोंदलेला असेल तर दुय्यम निबंधकाकडून त्याची प्रमाणित नक्कल आणि सूची क्रमांक दोनचा उतारा मागता येतो. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध-अहवाल करून घ्यावा. खरेदीदार तो मागणारच, आपण आधी केला तर त्यातील खोच आपल्याला आधी कळते.

आणखी चार प्रकार ओळखून ठेवावेत.

एक, घर कॅम्पात असेल तर मालमत्ता पत्रक नव्हे, कँटोन्मेंटच्या जनरल लँड रजिस्टरचा उतारा पाहावा. तेथे पुष्कळ ठिकाणी जमीन सरकारची आणि वरचे बांधकाम तेवढे धारकाचे असते. अशा जागेच्या विक्रीला वेगळ्या परवानग्या लागतात आणि भावही वेगळा येतो.

दोन, वडील स्वतः पागडीचे भाडेकरू असतील तर घर तरक्यात नाही, फक्त भाडेकरूचा हक्क आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ साली झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. हा हक्क पुढे कोणाकडे जातो, हे त्या कायद्याने ठरते. शरीअतच्या हिश्शांनी तो आपोआप वाटला जात नाही. तो दुसऱ्याला देतानाही घरमालकाला बाजूला ठेवून व्यवहार करू नये.

तीन, घर वक्फ-अलल-औलाद असेल, म्हणजे आजोबांनी औलादीच्या फायद्यासाठी वक्फ केले असेल, तर ते वारसांच्या मालकीचे नाही. वक्फची मालमत्ता विकता येत नाही. शंका असेल तर छत्रपती संभाजीनगर येथील महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाकडे नोंद तपासावी.

चार, एखादा वारस किंवा मूळ मालक पाकिस्तानात जाऊन तेथील नागरिक झाला असेल तर शत्रू मालमत्ता कायदा, १९६८ आणि त्याची २०१७ ची दुरुस्ती आडवी येते. अशा घरात वकिलाच्या सल्ल्याशिवाय एक रुपयाही विसार घेऊ नये.

दुसरे पाऊल : वाटणीपूर्वी काय वजा करायचे

तरका म्हणजे मरहूमने मागे ठेवलेले सर्व काही. घर, दुकान, दुकानातला माल, येणे बाकी, सोने, बँकेतील रक्कम, सगळेच. त्यातून प्रथम कफन-दफनचा खर्च, नंतर कर्ज आणि नंतर वसीयत वजा होते. जे उरते ते वारसांचे.

कर्जात दोन बाबी विसरल्या जातात. पहिली, वडिलांची बाजारातील देणी. गिरणीचा, अडत्याचा, कारागिराचा पैसा चिठ्ठीवर असतो. कोर्टात तो शाबीत होईल की नाही हा भाग वेगळा, पण तो मरहूमच्या मानेवर आहे. दुसरी, वालिदांचा न दिलेला मेहर. तो कर्जच आहे आणि वारसांच्या हिश्शांच्या आधी द्यायचा आहे. वालिदांनी स्वखुशीने माफ केला असेल तर गोष्ट निराळी. परंतु मय्यतीच्या वेळी चारचौघांत 'माफ करा' म्हणायला लावणे याला स्वखुशी म्हणत नाहीत.

वसीयत एक-तृतीयांशापुरतीच चालते. हनफी मजहबात वारसाच्या नावे केलेली वसीयत इतर वारसांनी मृत्यूनंतर मान्यता दिली तरच लागू होते. म्हणून "अब्बांनी घर धाकट्याच्या नावे लिहून ठेवले आहे" एवढ्याने घर धाकट्याचे होत नाही. हिब्याचे वेगळे आहे. हयातीत देणे, घेणाऱ्याने कबूल करणे आणि प्रत्यक्ष ताबा देणे, या तीन गोष्टी पुऱ्या झाल्या असतील तर हिबा पक्का होतो. तो नोंदलेला नसला तरी चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हफीजा बीबी खटल्यात सांगितले. मात्र कागद केला आणि ताबा दिलाच नाही, तर तो हिबा टिकत नाही.

तिसरे पाऊल : वारसांची यादी, एकही नाव न गाळता

मुसलमानांत एकत्र कुटुंबाची मालमत्ता अशी चीज नाही. ज्या क्षणी वालिद वारले त्याच क्षणी प्रत्येक वारस आपल्या ठरलेल्या हिश्शाचा मालक झाला. थोरला भाऊ कर्ता नाही. तो फक्त त्याचा हिस्सा विकू शकतो, बहिणीचा नाही. त्याने एकट्याने सही करून दिलेल्या खरेदीखताने फक्त त्याचाच हिस्सा जातो.

म्हणून एका कागदावर वंशावळ लिहावी. मरहूमची पत्नी, मुलगे, मुली, आई-वडील हयात असल्यास तेही. मुंबईला दिलेली मुलगी, दुबईला असलेला मुलगा, पहिल्या निकाहची औलाद, सर्व जण त्यात यावेत. वालिदांच्या आधी वारलेल्या मुलाची मुले, म्हणजे नातवंडे, सुन्नी फिकहप्रमाणे चुलते हयात असताना वारस होत नाहीत. त्यांच्यासाठी आजोबांनी हयातीत एक-तृतीयांशातून वसीयत करून ठेवणे हाच मार्ग आहे. ती केली नसेल तर चुलत्यांनी आपल्या हिश्शातून काही द्यावे, त्याला कायद्याची सक्ती नाही पण माणुसकीची आहे. बोहरा, खोजा आणि शिया बांधवांनी आपल्या फिकहप्रमाणे विचारून घ्यावे, कारण काही नियम वेगळे आहेत.

वारसनोंदीसाठी मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि अर्ज नगर भूमापन कार्यालयात द्यावा. वाद असेल किंवा खरेदीदार मागत असेल तर १८२७ च्या मुंबई विनियम आठनुसार दिवाणी न्यायालयातून वारस दाखला काढतात. सक्सेशन सर्टिफिकेट हे येणी आणि रोख्यांसाठी असते, घरासाठी नव्हे. या दोन कागदांत लोक नेहमी गल्लत करतात आणि वेळ-पैसा घालवतात.

घर सोसायटीतील फ्लॅट असेल तर नॉमिनीचा गैरसमज काढून टाकावा. नॉमिनी हा सोसायटीच्या दृष्टीने तात्पुरता सभासद असतो. मालकी वारसांचीच राहते. ज्याचे नाव नॉमिनी म्हणून आहे त्याच्या हातात ती अमानत आहे.

चौथे पाऊल : हिस्से आकड्यांत मांडा

सूरह निसाच्या ११, १२ आणि १७६ या आयतींत हिस्से सांगितले आहेत. औलाद असेल तर पत्नीला आठवा हिस्सा, पतीला चौथा. औलाद असताना आई आणि वडील हयात असल्यास प्रत्येकी सहावा. बाकी औलादीत, मुलाला दोन भाग आणि मुलीला एक भाग. मुलगा नसेल तर एकट्या मुलीला अर्धा आणि दोन किंवा अधिक मुलींना मिळून दोन-तृतीयांश, हेही ध्यानात ठेवावे.

एक उदाहरण घेऊ. देणी फिटल्यावर घराचे ९६ लाख रुपये आले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली. पत्नीचा आठवा हिस्सा १२ लाख. उरले ८४ लाख. मुलांचे चार आणि मुलींचे तीन मिळून सात भाग, एक भाग १२ लाखांचा. प्रत्येक मुलाला २४ लाख, प्रत्येक मुलीला १२ लाख. बेरीज करून पाहा : १२, ४८ आणि ३६ मिळून ९६.

आता वाटणीला उशीर झाला आणि मध्येच एक मुलगा वारला. त्याच्या मागे आई, पत्नी आणि एक मुलगा. तर त्याचे २४ लाख त्याच्या वारसांत जातील. पत्नीला आठवा म्हणजे ३ लाख, आईला सहावा म्हणजे ४ लाख आणि मुलाला १७ लाख. भावंडांना त्यातून काही नाही. याला फराइजच्या इल्ममध्ये मुनासखा म्हणतात. जितका उशीर तितके वारस वाढतात आणि तितक्या सह्या वाढतात. पाच सह्यांचे काम वीस वर्षांनी तीस सह्यांचे होते. घर विकणे रखडण्याचे हे सर्वात मोठे कारण आहे.

घर वालिदांच्या नव्हे, अम्मीच्या नावे असेल तर तरका अम्मीचा. त्यात पतीचा चौथा हिस्सा येतो. कोणाचा तरका आहे हे ठरल्याशिवाय हिस्से मांडू नयेत. हिशेब गुंतागुंतीचा असेल तर दारुल इफ्ताकडून लेखी फतवा घ्यावा आणि तो वकिलाला दाखवावा. दोघांचा हिशेब जुळला की तो कागद सर्व वारसांसमोर वाचावा.

पाचवे पाऊल : अज्ञान वारस आणि परदेशातले वारस

वर सांगितलेल्या उदाहरणातला मुलगा आठ वर्षांचा असेल तर ? येथे फार मोठ्या चुका होतात. मुस्लिम कायद्यात अज्ञानाच्या मालमत्तेचे पालकत्व बापाकडे, त्याने वसीयतीने नेमलेल्याकडे किंवा आजोबांकडे असते. आई, चुलता, थोरला भाऊ यांना अज्ञानाचा हिस्सा विकण्याचा अधिकार नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९१८ मध्ये इमामबांदी खटल्यात आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये हेच सांगितले आहे. अशी विक्री पुढे टिकत नाही. योग्य मार्ग एकच : १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात अर्ज करून पालक नेमून घेणे आणि विक्रीची परवानगी घेणे. वेळ लागतो, म्हणून हा अर्ज गिऱ्हाईक मिळण्यापूर्वी करावा. यतीमचा पैसा त्याच्याच नावे ठेवावा. दुकानाच्या भांडवलात 'तात्पुरता' वापरू नये.

आखातातील भावाला यायला जमत नसेल तर त्याने तेथील भारतीय वकिलातीत सही करून मुखत्यारपत्र पाठवावे. ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक भरावा लागतो. मुखत्यारपत्रात कोणते घर, कोणता हिस्सा, विसार घेण्याचा अधिकार आहे की नाही आणि पैसे कोणत्या खात्यात जातील, हे स्पष्ट लिहावे. मोघम मुखत्यारपत्राने भावाभावांत वैर झालेले बाजाराने पाहिले आहे.

सहावे पाऊल : बहिणींची सही

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येऊ. आपल्याकडे हक्कसोडपत्र म्हणजे बहुतेक वेळा बहिणीने काही न घेता केलेली सही. तिचे लग्न केले, जहेज दिले, बाळंतपणे केली, आता तिचा काय हिस्सा ? असे बोलणारे पाच वक्त नमाज पढणारेही असतात. बांधवांनो, जहेज हा हिश्शाचा हप्ता नव्हे. हिस्सा कुरआनने ठरवला आहे आणि देशाचा १९३७ चा शरीअत कायदाही तोच मानतो. गिऱ्हाईकाला एक इंच कापड कमी देणाऱ्याला आपण बेईमान म्हणतो. सख्ख्या बहिणीला बारा लाख कमी देणाऱ्याला काय म्हणावे, ते प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

वालिद हयात असताना बहिणीकडून लिहून घेतलेल्या हक्कसोडीवरही विसंबू नये. ज्याला अजून हक्कच मिळाला नाही, तो सोडणार काय ? हक्क मृत्यूनंतर येतो, सोडपत्रही त्यानंतरचेच. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले असले पाहिजे. जवळच्या नात्यात त्याला मुद्रांक नाममात्र लागतो.

एखाद्या बहिणीला खरोखर घर भावाकडे राहावे असे वाटत असेल तर फराइजमध्ये त्यासाठी तखारुजचा रास्त मार्ग आहे. ठरलेली रक्कम किंवा वस्तू घेऊन वारस वाटणीतून बाहेर पडतो. पण ते तिच्या मर्जीने, भाव समजावून, रक्कम तिच्या खात्यात भरून व्हावे. आधी तिचा हिस्सा तिच्या हातात द्यावा. त्यानंतर तिने भावाला बक्षीस दिला तर ते तिचे मोठेपण. हातात न देता माफ करून घेणे हे मोठेपण नव्हे.

सातवे पाऊल : घरात कोण राहते ?

वालिदा त्याच घरात राहत असतील तर पहिला प्रश्न भावाचा नाही, त्यांच्या छपराचा आहे. आठव्या हिश्शाने त्या घराच्या मालक आहेत. त्यांच्या सहीशिवाय पूर्ण घर विकता येत नाही. त्या कोठे राहणार, ते घर कोणाच्या नावे असेल, दवाखान्याचा खर्च कसा चालेल, हे लेखी ठरल्याशिवाय विक्रीची बोलणी पुढे नेऊ नयेत. "अम्मी आळीपाळीने आमच्याकडे राहतील" हा ठराव नव्हे. सहा महिन्यांनी तिची पेटी रिक्षात फिरते.

तळमजल्यावर एका भावाचा धंदा असेल तर तीन हिशेब वेगळे मांडावेत : जागा, वडिलांच्या वेळचा माल आणि भांडवल, आणि भावाने नंतर स्वतः वाढवलेला धंदा. पहिले दोन तरक्यात येतात. तिसरा भावाचा. त्याने स्वतःच्या पैशाने वरचा मजला चढवला असेल तर पावत्या पाहून तो खर्च भावंडांनी विक्रीपूर्वी मान्य करावा. विक्रीनंतर काढलेल्या जुन्या पावत्यांवर कोणी विश्वास ठेवत नाही.

भाडेकरू असतील तर ते घराबरोबर जातात. नवा मालक त्यांना भाडे नियंत्रण कायद्याबाहेर काढू शकत नाही. म्हणून रिकाम्या घराचा आणि भाडेकरूसह घराचा भाव एक नसतो. भाडेपावत्यांची फाईल तयार ठेवावी आणि भाडेकरूंशी आपण आधी बोलावे.

घर कोणी भावंड विकत घेऊ इच्छित असेल तर बाहेरच्याआधी त्याला संधी द्यावी. शुफ्याच्या शिकवणीचा मतलब हाच आहे की भागीदार आणि शेजारी यांना प्रथम विचारावे. भाव मात्र बाजाराचाच असावा. सर्व मिळून विकायला तयार नसतील तर कोणताही हिस्सेदार वाटपाचा दावा करू शकतो आणि घर तुकड्यांत वाटण्याजोगे नसेल तर १८९३ च्या वाटप कायद्याखाली न्यायालय विक्रीचा हुकूम देऊ शकते. पण त्यात वर्षे जातात. मोहल्ल्यातील दोन समजूतदार माणसे मध्ये घालून बसणे अधिक स्वस्त पडते.

आठवे पाऊल : भाव, विसार आणि बिल्डर

भाव ठरवण्यापूर्वी महानगरपालिकेचा झोन दाखला काढावा. रस्तारुंदीत किती जागा जाते ते कळते. कसब्यात शनिवारवाड्याच्या परिसरात आणखी एक बंधन आहे : केंद्रीय संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम मना आहे आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगीने होते. अशा घराचा भाव दूरच्या घराशी तोलू नये. सरकारी मूल्यांकन नोंदणी तज्ज्ञाकडून घ्यावे, दोन दलालांचे भाव घ्यावेत आणि मग आकडा ठरवावा. दलाली किती आणि कोण देणार, हे पहिल्याच भेटीत बोलावे.

विसार घ्यायचा तर सर्व वारसांच्या सहीने, बँकेतून. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा अधिक रोख घेणे आयकर कायद्याने मना आहे आणि घेतलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो. पूर्ण पैसे मिळाल्याशिवाय कब्जा देऊ नये.

बिल्डर विकसन करारात फ्लॅट देऊ म्हणतो तेव्हा हिशेब नीट करावा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील आणि आठांपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाला महारेराची नोंदणी लागते. पेठेतील छोटा भूखंड या मर्यादेत राहिला तर तो आधार मिळत नाही. म्हणून भाडे, मुदत, दंड आणि प्रत्येक वारसाचा फ्लॅट कोणता, हे सर्व नोंदलेल्या करारातच यावे.

नववे पाऊल : कर आधी मोजा

वारसाने आलेले घर विकल्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो. प्रत्येक वारस आपल्या हिश्शाचा कर वेगळा भरतो. किंमत वालिदांनी घेतलेली धरतात. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचे असेल तर त्या दिवसाचे बाजारमूल्य धरता येते, पण ते त्या दिवसाच्या सरकारी मूल्यापेक्षा जास्त नको. २३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरावर भारतात राहणाऱ्या व्यक्तीला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा हिशेबही पाहता येतो, आणि कमी येईल तो कर द्यायचा असतो.

समजा २००१ चे मूल्य १५ लाख आणि विक्री ९६ लाख. पहिल्या रीतीने नफा ८१ लाख, कर सुमारे १० लाख १२ हजार. दुसऱ्या रीतीने २०२५-२६ चा निर्देशांक ३७६ धरून खर्च ५६ लाख ४० हजार, नफा ३९ लाख ६० हजार, कर ७ लाख ९२ हजार. एका बहिणीच्या वाट्याला त्यातले ९९ हजार, वर उपकर. तिचे दुसरे उत्पन्न नसेल तर मूळ सवलतीमुळे आणखी कमी. आखातातील अनिवासी भावाला निर्देशांकाचा पर्याय नाही आणि त्याच्या पैशातून खरेदीदार कितीतरी अधिक कर कापून ठेवतो. त्याने आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आधीच मागावा. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर भारतात राहणाऱ्या विक्रेत्यांच्या रकमेतून खरेदीदार एक टक्का कापतो. त्याचा हिशेब प्रत्येकाच्या पॅनवर जमा झाला की नाही ते पाहावे. वालिद २३ जुलै २०२४ नंतर वारले असतील तर आपल्याला कोणती रीत लागू, हे सीएला विचारावे.

नव्या घरात नफा ठरलेल्या मुदतीत गुंतवला तर सूट मिळते. विक्रीनंतर दोन वर्षांत खरेदी किंवा तीन वर्षांत बांधकाम. ठरावीक रोख्यांतही सूट आहे, पण त्यांवर व्याज येते, तेव्हा तो प्रश्न आलिमांना विचारून ठरवावा.

पहिल्या महिन्यात करायचे काम

वरील सगळे एकदम होत नाही. म्हणून पहिल्या महिन्यात एवढेच करावे. मृत्यूच्या दाखल्याच्या दहा प्रती काढाव्यात. मालमत्ता पत्रक आणि सूची दोनचा उतारा घ्यावा. घरातील सर्व मूळ कागदांची यादी करून ती प्रत्येक वारसाला द्यावी आणि कागद एका विश्वासू माणसाकडे ठेवावेत. देण्या-घेण्यांची वही मांडावी. वंशावळ लिहून त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. मिळकतकर आणि वीजबिल थकू देऊ नये, भरणाऱ्याने पावती ठेवावी. आणि सर्व वारसांची, बहिणींसह, एक बैठक घ्यावी, जिच्यात फक्त हिस्से वाचले जातील, भाव बोलला जाणार नाही.

आपले व्यापारी बंधू दुकानात पै-पैचा हिशेब ठेवतात. तोच हिशेब घरात ठेवायचा आहे. घर विकून आलेला पैसा दोन-चार वर्षांत माल, जागा, लग्ने यांत जिरून जातो. त्यात कोणाचा हक्क मिसळला असेल तर तो मात्र जिरत नाही. प्रत्येकाचा वाटा मोजून त्याच्या हाती द्या, मग भाव थोडा कमी आला तरी बरकत कमी येणार नाही.